बोलघेवड्याला कर्नल करू नका

तुमच्या फोनवरचं टॉर्चचं अ‍ॅप तुमच्या बँकेच्या अ‍ॅपच्या फाइल उघडू शकत नाही. टॉर्चवाला सज्जन आहे म्हणून नाही, अँड्रॉइड त्याला उघडूच देत नाही म्हणून. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे, आणि युनिक्सच्या घराण्यातली एक जुनी सवय लिनक्सलाही आहे: एका मशिनवर अनेक माणसं काम करणार, तर प्रत्येकाचं खातं वेगळं. अँड्रॉइडवाल्यांनी ही सवय उचलली आणि माणसाच्या जागी अ‍ॅप बसवलं. प्रत्येक अ‍ॅप म्हणजे वेगळा भाडेकरू. स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप. कॅमेरा किंवा एसेमेस हवे असतील तर मालकाला विचारायचं, आणि २०१५च्या अँड्रॉइड ६पासून तर ऐन वापराच्या वेळी विचारायचं.

‘एआय एजंटांची ऑपरेटिंग सिस्टीम’ या नावाखाली सध्या जे काही लोक हौसेने आपापल्या लॅपटॉपवर बसवतायत, त्यात नेमकं हेच कुलूप नसतं. आणि ते नसेल तर बाकी काहीही असो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणू नये असं माझं म्हणणं आहे.

एजंट म्हणजे काय, तर भाषेच्या मॉडेलला हात दिले. आधी ते नुसतं बोलायचं. आता ते मेल वाचतं, फाइल बदलतं, टर्मिनलमध्ये कमांड चालवतं, निकाल बघतं आणि पुढची कमांड ठरवतं. असे चार-पाच एजंट एकत्र चालवायचे तर कुणाची पाळी कधी, कुणाला काय आठवावं, कुणाला कोणतं साधन मिळावं हे बघणारं कुणीतरी लागतं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमची उपमा आली. २०२३मध्ये आंद्रे कार्पथी यांनी एका व्याख्यानात ती लोकप्रिय केली: मॉडेल म्हणजे नव्या सिस्टीमचा कर्नल, त्याची कॉन्टेक्स्ट विंडो म्हणजे रॅम. (कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे, दाण्याच्या आतला गर, त्या अर्थाने.) पुढच्या वर्षी रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘एआयओएस’ नावाचा शोधनिबंध लिहिला. त्यात पाळी लावणारा, स्मृती सांभाळणारा, परवानगी बघणारा असे वेगवेगळे भाग होते. बाजारात येईपर्यंत त्यातला परवानगीचा भाग कुठेतरी गळाला आणि उपमा तेवढी उरली.

मला राग या उपमेचाच आहे. कर्नलचं मोठं काम ‘नाही’ म्हणणं हे असतं. प्रोग्रॅम कितीही गोड बोलला, कितीही घाईत असला, तरी दुसऱ्याच्या मेमरीला हात लावला की कर्नल त्याला तिथेच थांबवतो. तो समजून घेत नाही, प्रसंग बघत नाही. मॉडेलचा तर सगळा धंदाच समजून घेण्याचा आहे. तुम्ही काय म्हणालात, त्या पीडीएफमध्ये काय लिहिलंय, समोरच्या वेबपेजवर काय आहे, हे सगळं त्याच्याकडे एकाच ओळीत, एकाच रांगेत येतं. यातलं हुकूम कोणतं आणि मजकूर कोणता, याची पक्की भिंत त्याच्या आत नाही. २०२२मध्ये सायमन विलिसन यांनी या दुखण्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असं नाव दिलं आणि त्यावर अजूनही खात्रीचं औषध नाही. जून २०२५मध्ये संशोधकांनी मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधली ‘एकोलीक’ नावाची फट उघड केली. एक साधा मेल यायचा, माणसाला कुठेही क्लिक करावं लागायचं नाही, आणि त्या मेलमधल्या सूचनेवरून एआय कंपनीच्या आतली माहिती बाहेर पाठवू शकायचं. मायक्रोसॉफ्टने ती फट बुजवली. पण जो कुणाचंही ऐकतो त्याला घरचा कर्ता करायचं का, हा प्रश्न एक फट बुजवून सुटत नाही.

आता प्रत्यक्षात हे बसवतात कसं ते बघा. एजंट चालतो तुमच्याच खात्यावर. म्हणजे तुमचं होम फोल्डर त्याचं, तुमच्या सर्व्हरच्या किल्ल्या त्याच्या, तुम्ही लॉगिन केलेला ब्राउझर त्याचा. वारंवार परवानगी विचारतो म्हणून वैतागून लोक एक पर्याय लावून ठेवतात, की काहीच विचारू नकोस. एका प्रसिद्ध कोडिंग एजंटच्या या पर्यायाच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द आहे, तरी लोक तो लावतात. आणि सुरक्षेसाठी काय? तर एक टेक्स्ट फाइल. तिच्यात लिहिलेलं असतं: डेटाबेसला हात लावू नकोस, काही डिलीट करायच्या आधी विचार. जिन्याच्या कोपऱ्यात ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी असते ना, तिची जेवढी ताकद, तेवढीच या फाइलची. बरेच लोक पाटी वाचून थुंकत नाहीत, हेही खरं. पण भिंत लाल व्हायला एकजण पुरतो.

जुलै २०२५मध्ये रेप्लिटच्या एजंटने हेच केलं. जेसन लेमकिन नावाच्या उद्योजकाने त्याला आता कसलेही बदल नकोत असं बजावलं होतं. त्याने चालू डेटाबेस पुसला, आणि वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. (तो परत आणता आला.) मला यातला त्यानंतरचा भाग महत्त्वाचा वाटतो. कंपनीने जाहीर केलेल्या उपायांत पहिला होता प्रयोगाचा आणि खरा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याचा. म्हणजे भिंत. जी पहिल्या दिवशी असायला हवी होती.

‘मॉडेल सुधारतील तसं हे थांबेल,’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. सुधारतील ना. पण ऑपरेटिंग सिस्टीममधल्या भिंती काही वाईट प्रोग्रॅममुळेच आल्या असं नाही. १९६६मध्ये एमआयटीत सीटीएसएस नावाच्या सिस्टीमवर एका दुपारी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. चोर कुणीच नव्हता. दोन जबाबदार माणसं एकाच फोल्डरमध्ये एकाच वेळी दोन फाइल एडिट करत होती. एडिटर तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच नाव द्यायचा, आणि फाइलींची अदलाबदल झाली. आज एकाच फोल्डरमध्ये पाच एजंट सोडणाऱ्यांनी हा किस्सा जरूर लक्षात ठेवावा. हुशारी वाढल्याने तात्पुरत्या फाइलींची नावं वेगळी होत नसतात.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: दर पावलाला परवानगी विचारली तर एजंट ठेवायचा कशाला? मान्य. वेबसाइटवरच्या कुकीच्या खिडक्यांनी आपल्याला न वाचता ‘हो’ दाबायचं वळण लावलंच आहे. म्हणूनच विचारणं कमी आणि आधीच आखून देणं जास्त हवं. सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५मध्येच लिहून ठेवलंय, की प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार द्या. एजंटला लिनक्सवर वेगळा यूजर करा. शक्यतो वेगळ्या व्हर्च्युअल मशिनमध्ये ठेवा. कंटेनर सोपा पडतो, पण त्यात कर्नल तुमच्या मशिनचाच असतो. होम फोल्डर जोडू नका, फक्त कामाचं फोल्डर द्या, तेही गिटमध्ये असलेलं. नेटवर्क बंद ठेवून लागतील तेवढेच पत्ते उघडा, कारण खाजगी माहिती वाचणं, अनोळखी मजकूर वाचणं आणि बाहेर पाठवणं या तीन गोष्टी एकाच एजंटकडे आल्या की चोरीचा रस्ता पूर्ण होतो. टोकन द्यायचं तर थोड्या वेळात मरणारं. खर्चाला मर्यादा. आणि नोंदवही अशी, की एजंटला तिच्यात लिहिता येईल पण खोडता येणार नाही. एवढं करून आतमध्ये खुशाल त्याला काहीही न विचारता काम करू द्या. खोलीच्या आत त्याने धिंगाणा घातला तर खोली पुसून नवी बनवायची, बस्स.

हे करायला एक दुपार लागते. मी काम करतो तिथे ती दुपार मागितली, तर ‘आधी डेमो होऊ दे’ असं उत्तर आलं. तुम्हीही ऐकलं असेल.

आता हेच फोनवर येतंय. स्क्रीन वाचून तुमच्या वतीने बटणं दाबणारे एजंट अँड्रॉइडवर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ही परवानगी मुळात दृष्टिहीन आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहे, त्यामुळे ती मोठी आहे: दुसऱ्या अ‍ॅपच्या स्क्रीनवर काय आहे ते दिसतं आणि तिथे बोटही ठेवता येतं. सुरुवातीला सांगितलेल्या सगळ्या खोल्यांची कुलपं एका फटक्यात निकामी. बँकेचे पैसे लुटणारी मालवेअर गेली कित्येक वर्षं याच दारातून आत शिरतायत. तेव्हा घरी बाबांच्या फोनवर असं एखादं अ‍ॅप टाकून द्यायच्या आधी त्याच फोनवर यूपीआय आहे का, ओटीपी तिथेच येतात का, ते बघा. येत असतील तर कपाटातला जुना फोन काढा, त्यातलं सिम काढून ठेवा, नवं रिकामं खातं उघडा आणि एजंटला तिथे खेळू द्या.