कौशल्य खेळणाऱ्याचे, नाल मालकाची

संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहनाचे आणि नियमनाचे विधेयक दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून संमत केले, 22 तारखेस राष्ट्रपतींनी त्यावर संमतीची मोहोर उठवली, आणि पैसे लावून खेळावयाचे यच्चयावत ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध ठरले. तेव्हापासून या धंद्यातील मंडळींनी आणि त्यांच्या विद्वान वकिलांनी जो आक्रोश मांडला आहे, तो ऐकून एखाद्या परस्थ माणसाचा असा ग्रह व्हावा की, या देशात बुद्धिबळ खेळणेच आता फौजदारी गुन्हा झाला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्‌सना हा कायदा उत्तेजनच देतो. पैशाचा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाख, पैशाची ने-आण करून देणाऱ्यास चालकाइतकीच सजा, आणि खेळणाऱ्यास काहीही नाही, असा त्याचा ढोबळ आराखडा आहे. हा कायदा योग्य आहे असे आमचे मत असून त्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांची तपासणी या जिल्ह्यात, म्हणजे जेथे पोळ्याच्या दिवसांत पत्त्यांचा डाव मांडणे ही रूढीच होऊन बसली आहे आणि कोंबड्यांच्या झुंजींचे कोंबड बाजार अजून भरतात अशा भंडाऱ्यात बसून करणे सोयीचे आहे.

पहिला आणि सर्वांत भारदस्त आक्षेप कौशल्याचा. तो नवा नाही; या भूमीत तो दीडशे वर्षांहून जुना आहे. भंडारा त्या काळी मध्यप्रांतात मोडत असल्यामुळे येथे मुंबईचा 1887 चा कायदा येण्यापूर्वी 1867 चा सार्वजनिक जुगाराचा कायदा चालत असे. त्यात अड्ड्याच्या मालकास दोनशे रुपयांपर्यंत दंड, अड्ड्यात सापडलेल्या खेळणाऱ्यास शंभरापर्यंत आणि भररस्त्यात पक्षी अथवा जनावरे झुंजविणाऱ्यास पन्नासापर्यंत दंड सांगितला होता. आणि त्याच्याच बाराव्या कलमात, केवळ कौशल्याच्या खेळास पूर्वीच्या तरतुदी लागू होणार नाहीत, असा अपवादही नोंदविला होता. या एका कलमाच्या खुंटीवर पुढच्या पिढ्यांनी आपली सारी वकिली टांगली. 1957 मध्ये शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रवेश फी घेऊन कोडी सोडवून घेणाऱ्या आणि लाखोंची आमिषे दाखविणाऱ्या नियतकालिकांचा तो काळ होता. चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने निर्वाळा दिला की, द्यूत हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे. परंतु त्याच साली दुसऱ्या निकालात कौशल्याच्या स्पर्धा त्या कक्षेतून वगळल्या गेल्या, 1968 मध्ये आंध्रच्या सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला, 1996 मध्ये घोड्यांची शर्यतही त्याच पंक्तीत बसली, आणि पुढे भ्रमणध्वनीवरील रमीच्या व क्रिकेट संघाच्या ॲपांनी या निकालांची प्रमाणपत्रे आपल्या दारावर लावली.

यातील चातुर्य असे की, सत्यनारायण निकालाचा पूर्वार्ध उच्चरवाने वाचला जातो आणि उत्तरार्ध गिळला जातो. त्या निकालातच न्यायालयाने बजावले आहे की, जागेचा मालक जर पैसे लावून चाललेल्या रमीपासून नफा काढीत असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. आमच्याकडे फडावर बसलेल्या मालकाच्या या हिश्शाला नाल म्हणतात, आणि पत्ते कधी हातात न धरलेल्या माणसालाही ठाऊक असते की डाव कोणीही मारो, नाल निघतेच. हिशेब पाहा. सहा माणसे समान कुवतीची आहेत, प्रत्येकाने शंभर रुपये घेऊन बैठक मारली आहे, दर डावास प्रत्येकी शंभर लागतात आणि मालक शेकडा दहा काढून घेतो, असे धरू. एका डावात सहाशे जमले, साठ मालकाचे, पाचशे चाळीस जिंकणाऱ्याचे. असे दहा डाव होईतो हरणारे खिशातून भर घालीत राहिले, तर मालकाच्या गल्ल्यात सहाशे रुपये गेलेले असतात, म्हणजे सहाही जणांनी बसताना आणलेले सगळे मूळ भांडवल. आता या सहांमध्ये सर्वांत कुशल कोण होता हा प्रश्न रंजक असेल. पण त्याचे उत्तर काहीही आले तरी सहाशेच्या आकड्यात फरक पडत नाही. कौशल्य हे खेळणाऱ्यांनी एकमेकांत वाटून घ्यावयाचे धन आहे, त्याचा मालकाशी संबंध नाही, आणि म्हणून मालकाला शिक्षा करावयाची की नाही हे ठरविताना ते तराजूत घालण्याचे कारणही नाही. शिवाय फडावर खेळणारा निदान समोरच्याचे तोंड पाहू शकत असे. ॲपवर समोर कोण बसला आहे, त्याने आज किती डाव जिंकले, पत्ते कोणत्या पद्धतीने पिसले गेले, हे सारे एकट्या मालकाच्या दफ्तरात असते.

कौशल्याचाच निकष प्रामाणिकपणे लावावयाचा तर कोंबड बाजारावर धाड घालणाऱ्या आमच्या पोलिसांनी क्षमा मागितली पाहिजे. झुंजीचा कोंबडा निवडणे, त्याला खुराक देऊन तयार करणे, त्याच्या पायाला लोखंडी काती नेमक्या कोनातून बांधणे, यात हातोटी नाही असे जो म्हणेल त्याने हा बाजार पाहिलेला नसावा. मनुस्मृतीने निर्जीव वस्तूंनी खेळावयाचे ते द्यूत आणि सजीव प्राण्यांवर पण लावावयाचा तो समाह्वय, असे दोन प्रकार सांगून राजाने दोन्हींचे निवारण करावे असे म्हटले. त्यातही खेळणाऱ्याच्या बुद्धीला सवलत दिलेली नाही. आणि अगदी अलीकडचा दाखला हवा असेल तर जुलै 2025 मध्ये राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेत भ्रमणध्वनीवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला, त्यांनी तो साफ नाकारला, आणि सरकारने त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते दिले! रमी हा खेळ असल्याचा याहून अधिकृत दाखला कोणी मागू नये.

रोजगार आणि महसुलाच्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. दोन लाख नोकऱ्या जातील आणि सरकार वर्षाला वीस हजार कोटींच्या कराला मुकेल, असे या धंद्याच्या संघटनांनी सरकारला कळविले. गंमत अशी की, पंचेचाळीस कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे वीस हजार कोटी गमावतात असे सरकारनेही त्याच सुमारास सांगितले. दोन्ही आकडे आपापल्या पक्षाचे आहेत आणि ते घासूनच घ्यावेत. पण ते खरे धरले तर अर्थ एवढाच होतो की, सरकारच्या तिजोरीत येणारे वीस हजार कोटी कोणाच्या तरी घरातून जात होते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जमा रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर बसला तेव्हाच सरकार या फडाचे भागीदार झाले होते. ती भागीदारी त्याने स्वतः सोडली, याबद्दल टीकाकारांनीही त्याला श्रेय द्यावे. नोकऱ्या गेल्या त्यांत संगणकाचे शिक्षण घेतलेले तरुण आहेत, त्यांच्याविषयी सहानुभूती आहेच. त्यांची विद्या दुसरीकडेही चालते.

मोठमोठ्या खेळाडूंना जाहिरातींसाठी उभे करून, 'जोखीम आहे, जपून खेळा' हे वाक्य धावत्या घोड्याच्या वेगाने उच्चारून, भारतीय संघाच्या जर्सीवर आपले नाव छापून या धंद्याने जी प्रतिष्ठा मिळविली, ती पूर्वी कोणत्याही मटकेवाल्याला मिळाली नव्हती. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाचे काय करावे हा त्याचा प्रश्न आहे, असे म्हणणाऱ्यांना या प्रतिष्ठेचे मोल कळलेले नाही. माणसाचे स्वातंत्र्य कायद्याने काढलेलेच नाही. खेळणारा निर्दोष आहे. चार मित्रांनी ओट्यावर बसून नाल न काढता रमी खेळली तर हा केंद्रीय कायदा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. निषेध आहे तो त्या स्वातंत्र्यावर नाल काढणाऱ्याचा.

उरतो तो आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि त्याचे उत्तर देताना सरकारची बाजू घेणाऱ्यालाही घाम फुटावा. तो असा की, उघडे दुकान बंद केले की गिऱ्हाईक मागच्या दाराने जाईल. नोंदणीकृत कंपनी निदान कर भरत होती, हिशेब ठेवत होती, बुकी काय ठेवणार? या मताचे लोक कौटिल्याला साक्षीस बोलावतात. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नेमून, एकाच ठिकाणी द्यूत चालवून, जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घ्यावे असे सांगितले आहे खरे. परंतु त्याचा हेतू गुप्तपणे उपजीविका करणाऱ्यांचा शोध लागावा हा होता, म्हणजे अड्डा राजपुरुषाच्या नजरेसमोर राहावा हा होता. धान विकून आलेले चुकारे ज्या बँक खात्यात जमा होतात, तेच खाते ज्या यंत्राला जोडलेले आहे, त्याच यंत्रात रात्री दोन वाजता अड्डा उघडत असेल, तर तेथे कोणत्या अध्यक्षाने गस्त घालावी?

आणि मागच्या दाराविषयी सांगावयाचे तर ते या कायद्यामुळे उघडलेले नाही. जुलै 2023 मध्ये, म्हणजे सर्व नोंदणीकृत ॲपे राजरोस चालू असताना, नागपुरातील एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपये गमावल्याची फिर्याद दिली, आणि पोलिसांनी गोंदियातील संशयिताच्या घरावर छापा घालून कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी जप्त केली. गोंदिया हा 1 मे 1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्याचा भाग होता, तेव्हा हे प्रकरण आम्हास परके नाही. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण उघडे दुकान चालू असले म्हणजे मागचे दार आपोआप बंद राहते, या सिद्धान्ताचा निकाल मात्र त्या छाप्याने लावला आहे. उलट, पुढच्या दाराने आत आलेल्या गिऱ्हाइकाला सराव देऊन, भीड चेपवून मागच्या दाराकडे नेण्याचे काम या उघड्या दुकानांनी केले असा आमचा आरोप आहे. आधी एकोणपन्नास रुपयांची क्रिकेट स्पर्धा, मग बुकीकडून 'आयडी', मग लगवाडी म्हणजे सट्ट्यावर पैसे लावणे, आणि शेवटी घरात कोणास न सांगता काढलेले कर्ज, हा क्रम तुमसर-साकोलीच्या बाजारपेठेत कोणालाही विचारावा.

येथपर्यंत कायद्याची बाजू मांडली. आता ती मांडणाऱ्यानेच सरकारला दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. ज्या राज्याने 1969 मध्ये स्वतःची लॉटरी काढली, ज्याच्या कायदेपुस्तकात 1976 चा कॅसिनोचा कायदा एक दिवसही अमलात न येता 2023 मध्ये रद्द होईपर्यंत पडून राहिला, त्याने जुगाराविरुद्ध नीतीचा आव आणताना जरा आवाज खाली ठेवावा. त्याहून गंभीर गोष्ट अंमलबजावणीची. आमच्या पोलीस ठाण्यांत जुगाराचे जे पंचनामे होतात त्यांची भाषा वर्षानुवर्षे ठरलेली आहे: आकडे लिहिलेली सट्टापट्टी एक, किंमत शून्य, डॉटपेन एक, किंमत पाच रुपये, नगदी अमुकशे, एकूण मुद्देमाल तमुकशे. पट्टी लिहिणारा पकडला जातो, जामिनावर सुटतो, दुसऱ्या पानठेल्यावर बसतो, आणि खायवाडी करणारा, म्हणजे लावलेला पैसा घेणारा, नागपुरात किंवा समुद्रापलीकडे सुखात राहतो. नवा कायदा पैशाची ने-आण करणाऱ्यास चालकाइतकीच सजा सांगतो, आणि तेच त्याचे खरे हत्यार आहे. कारण ॲपचे नाव रातोरात बदलता येते, दुवा व्हॉट्सॲपवर नवा पाठविता येतो, पण पैसा शेवटी कोणत्या तरी खात्यातूनच जावा लागतो. ती खाती बहुधा भाड्याची असतात. एखाद्या मजुराच्या किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या पोराच्या नावाने खाते उघडावयाचे, त्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड ताब्यात घ्यावयाचे, त्याच्या हातावर काही हजार ठेवावयाचे, की त्या खात्यातून लाखांची उलाढाल सुरू होते. ज्याच्या खात्यात एरवी रोजगार हमीची मजुरी येते त्यातून आयपीएलच्या हंगामात दिवसाला शेकडो व्यवहार व्हावेत, आणि बँकेच्या कोणाही कारकुनास त्याचे नवल वाटू नये, ही स्थिती कायम राहिली तर दिल्लीचा कायदा दिल्लीतच राहील.

म्हणून कायद्यातून कौशल्याच्या खेळांना सूट द्यावी अशी जी मागणी न्यायालयात आणि दरबारी मंडळींत चालली आहे, तिला आमचा विरोध आहे; अशी सूट मिळाली तर उद्या प्रत्येक अड्डा कौशल्याचाच निघेल. जिल्हा पोलिसांनी पंचनाम्यात डॉटपेनाआधी खातेक्रमांक लिहावा, आणि बँकांनी संशयित खात्याची वर्दी स्वतः होऊन द्यावी. व्यसनात सापडलेल्या माणसाला कायद्याने निर्दोष ठरविले आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार कक्षात त्याला दारुड्याइतकीच सहज जागा मिळावी. वाचकांस एवढीच विनंती की, कोणी ओळखीचा माणूस 'काही करायचे नाही, फक्त खाते द्यायचे' असे सांगत आला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. पोलिसांच्या हाती प्रथम लागतो तो ज्याच्या नावावर खाते आहे तो माणूस.