घरची दुरुस्ती, दुकानदाराच्या माथी दोष

मजुरी वाचवण्यासाठी अनेक छोटे व्यापारी मालाची गाडी घरीच खोलतात. ऑइल, फिल्टर, प्लग इथवर ठीक. पण लोअर आर्म बदलल्यावर थोड्याच दिवसांत खडखड सुरू झाली, की दोष थेट सुट्या भागांच्या दुकानदारावर! आमच्या मते हा बहुधा अन्याय आहे. गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना बुशाचा बोल्ट पक्का आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. शेवटची आवळणी चाकांवर वजन आल्यावरच करायची असते. बॉल जॉइंटला जुनीच कॉटर पिन घालणे तर जिवावरचे. तो सांधा सुटला की चाक आडवे पडते.

आवाज आला की गाडी थांबवा, उचलून गॅरेजला न्या. काय काय खोलले ते मिस्त्रीला स्पष्ट सांगा. तो रागावेल, रागावू द्या. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाडाची भरपाई नसते. म्हणून काढलेला भाग आणि पावती जपा; भाग खरोखरच सदोष निघाला, तर दुकानदारापुढे तेवढाच पुरावा. आणि अलाइनमेंट झाल्याशिवाय माल भरू नका.