कॅमेरा उचलताना हात का थरथरतो?

दुसरबीडहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले आहे. नाव छापू नये, मजकूर छापण्यास हरकत नाही, असे त्यांनी कळवले आहे. रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले; चालण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून मुलीने कॅमेरा घेऊन दिला. वर्षभरात त्यांनी विहिरी, बाभळी, कपाशीची बोंडे, खडकपूर्णेच्या पात्रावरचे धुके, अशी शेकडो छायाचित्रे काढली. माणसाचे एकही नाही. आठवडी बाजारात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसणाऱ्या एका वृद्ध बाईंचा चेहरा त्यांना फार दिवसांपासून खुणावत होता. चार बाजार ते कॅमेरा पिशवीत घेऊन त्यांच्यासमोरून गेले. छातीत धडधड, तळहातांना घाम. कॅमेरा पिशवीतच राहिला. पाचव्या बाजारी ती जागा रिकामी होती. बाई वारल्या होत्या. भेटायला म्हणून गुरुजी त्यांच्या घरी गेले, तर भिंतीवर हार घातलेली तसबीर होती, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून बनवलेली. ‘चेहरा राखेसारखा, ओळखूही येईना,’ असे ते लिहितात, आणि विचारतात, हा भित्रेपणा या वयात जाईल का?

जाईल. मात्र गुरुजी ज्याला सरसकट भित्रेपणा म्हणतात, त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. त्यांतली एक घालवायची आहे आणि दुसरी जपायची आहे.

पहिली म्हणजे स्वतःविषयीची भीती: लोक काय म्हणतील, कोणी ओरडले तर, हसले तर. अशा वेळी मेंदू अनोळखी नजरेला धोका समजतो, अॅड्रेनलीन रक्तात उतरते, नाडी जलद होते, श्वास वरवरचा होतो आणि हात थरथरतो. वाघ समोर आला असता तर हीच तयारी उपयोगी पडली असती. मेथीच्या जुड्यांसमोर ती निरुपयोगी आहे, एवढाच तिचा दोष. तिच्यामुळे फोटोही हलतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास सावकाश सोडत बटण दाबले तर दोन्ही कामे साधतात.

या भीतीचा हिशेबही बहुधा चुकीचा असतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे गायकाचे चित्र छापलेला सदरा घालून त्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. आपला सदरा जवळजवळ निम्म्या लोकांनी पाहिला असेल, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात तो साधारण चौथाईजणांच्या लक्षात आला होता. लोक आपल्याकडे पाहतात, पण आपल्याला वाटते तितके नाही.

हे वाचून गुरुजी हसतील. दुसरबीड म्हणजे कॉर्नेल नव्हे! मेहकर-जालना रस्त्यावरच्या या गावात निवृत्त शिक्षक कॅमेरा घेऊन उभा राहिला, तर हॉटेलातल्या बाकापासून एसटी थांब्यापर्यंत सगळे वळून पाहणार, आणि संध्याकाळी घरी कोणीतरी विचारणारही. मुंबईच्या गर्दीत छायाचित्रकार विरघळून जातो. गावात ती सोय नाही. तुम्ही कोणाचे कोण, हे समोरच्याला ठाऊक असते. नसेल तर तो पहिला प्रश्न तोच विचारतो.

माझ्या मते ही अडचण नसून सवलत आहे. शहरी छायाचित्रणातली बरीचशी युक्ती लपण्याची असते. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारखा थोर छायाचित्रकारही कॅमेऱ्याचा चकाकणारा भाग काळ्या पट्टीने झाकत असे. त्यांनी त्यातून अमर चित्रे दिली, हे खरे. पण ज्याच्या मनात आधीच भीती आहे, त्याला लपण्याचा मार्ग मानवत नाही. कॅमेरा पोटाशी धरून चोरून टिपणे, दुसरीकडे पाहत असल्याचे भासवणे, यांमुळे त्या क्षणापुरती सुटका होते. मन मात्र असा धडा घेते की आपण वाचलो ते लपलो म्हणून. पुढच्या वेळी भीती तितकीच असते, आणि आता तिच्यात चोरी पकडली जाण्याची धास्तीही मिसळते.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरच्याविषयीचा संकोच. या बाईंच्या चेहऱ्यावर माझा हक्क काय, हा प्रश्न. तो आजार नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातल्याच पिंपळखुट्याजवळ बसला आग लागून 25 प्रवासी दगावले. अशा कोणत्याही अपघाताच्या जागी जो हात सहज मोबाइल वर धरतो, त्याची भीती गेली आहे, असे म्हणून आपण त्याला निरोगी ठरवणार का? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक जागी छायाचित्र काढण्यास आपल्याकडे सरसकट मनाई नाही. तरीही लहान मुलांचे आईबापांना विचारल्याशिवाय काढू नये, आणि कोणाचेही त्यांना न सांगता मोबाइलवरून गावभर फिरवू नये.

दोन्ही गोष्टींवर उपाय एकच आहे: विचारणे. ‘मावशी, तुमचा एक फोटो काढू का?’ या एका वाक्याने संकोचाला उत्तर मिळते आणि भीतीला लपायला जागा उरत नाही. ‘नको’ म्हणाल्या, तर ‘बरं’ म्हणून कोथिंबीर घेऊन पुढे जायचे. ‘हो’ म्हणाल्या, तर बहुधा आधी पदर सारखा करतील, ताठ बसतील आणि चेहऱ्यावरचे सगळे भाव पुसून टाकतील. तो पहिला फोटो त्यांच्या मनासारखा काढावा. मग भाव विचारावा, पाऊसपाण्याचे बोलावे. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या वळल्या की तुम्हाला हवा असलेला चेहरा परत येतो.

अनोळखी माणसाशी बोलण्याचेही आपण उगीच ओझे मानतो. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या रेल्वे प्रवाशांवर केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. शेजाऱ्याशी बोलण्यापेक्षा गप्प बसलेला प्रवास सुखाचा होईल, असा प्रवाशांचा अंदाज होता. ज्यांना बोलायला सांगितले त्यांचाच प्रवास अधिक सुखाचा झाला. आपल्याकडे एसटीत बसलेल्याला यासाठी अभ्यासाची गरज पडू नये.

मनाचा सराव पायरीपायरीने करावा. पहिल्या बाजारी कॅमेरा पिशवीत नको, गळ्यात असू द्या. फोटो काढूच नका. दुसऱ्या बाजारी ओळखीच्या दुकानदाराला विचारा, त्याच्या हातांचा किंवा तराजूचा फोटो घ्या. मग अनोळखी. धडधड सुरू झाली की लगेच माघारी फिरू नका. ती आपोआप ओसरू लागेपर्यंत तिथेच थांबा. माघार घेतल्याने भीती पोसली जाते, थांबल्याने ती दमते. त्या दिवशी चहा एक कप कमी घेतला तर बरे.

गुरुजींच्या शेजारच्याच अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे अनेक वर्षे काढली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घाणीत उतरलेल्या, रोज दिसूनही न दिसणाऱ्या माणसांची ती चित्रे पाहावीत. चोरून पाहणाऱ्या नजरेला तशी चित्रे मिळत नाहीत, असे ती पाहताना मला वाटते.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. कॅमेरा नसतानाही बँकेत सही करताना, पंगतीत जेवताना, चारचौघांत बोलताना असाच थरकाप होत असेल आणि त्यासाठी लग्नकार्ये टाळली जात असतील, तर तो छायाचित्रणाचा प्रश्न राहत नाही. सामाजिक भीतीच्या या विकारावर समुपदेशनाने आणि गरजेनुसार औषधांनी चांगला उपचार होतो. ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हाताचा थरकाप विसावलेल्या अवस्थेतही राहत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

आणि गुरुजी, ज्यांचा फोटो काढाल, त्यांना तो पुढच्या बाजारी कागदावर छापून द्या. मोबाइलवर दाखवून भागवू नका. कोणाच्या घरी तसबिरीसाठी काय लागते, ते तुम्ही पाहिले आहे. पुढचे पत्र लिहाल तेव्हा फोटो कसे आले, ते सवडीने लिहा. आधी एवढे कळवा, की किती जणांना विचारले आणि त्यांतले किती जण नको म्हणाले.