टाळूची किल्ली आणि वयाची मुदत

व्यापारी घरात मुदतीचे महत्त्व कोणास समजावून सांगावे लागत नाही. हुंडीची तारीख टळली तर पत जाते, हे दुकानात वाढलेल्या मुलालाही ठाऊक असते. शरीराच्याही अशाच काही मुदती असतात; परंतु त्या कोणत्याही वहीत मांडलेल्या नसल्याने नकळत टळून जातात. मुलांच्या वरच्या जबड्याची रुंदी हे त्याचे एक उदाहरण होय.

नरडाण्याच्या बाजारपेठेतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. खाली धान्याचे दुकान, वर बिऱ्हाड. घरातील बारा वर्षांची मुलगी रात्री तोंड उघडे ठेवून झोपते. तिचे वरचे सुळे ओळीबाहेर आले आहेत आणि घास चावताना हनुवटी किंचित डावीकडे सरकते. आई म्हणते, एकदा दाखवून आणू. वडील म्हणतात, दहावी होऊ द्या, मग पाहू. दादी म्हणते, "आमच्या वेळी कुणी दातांना तारा बांधल्या होत्या? वय वाढले की आपोआप बसतील." तिघांच्याही बोलण्यात मायाच आहे, परंतु काळाचा हिशेब एकट्या आईचा बरोबर आहे.

वरचा जबडा हे एकसंध हाड नव्हे. उजवा व डावा असे त्याचे दोन भाग टाळूच्या मधोमध एका शिवणीने जोडलेले असतात. बालपणी ही शिवण सैल असते. पौगंडावस्थेत तिचे दोन्ही काठ एकमेकांत गुंतत जातात आणि पुढे घट्ट होतात. मुलींमध्ये ही क्रिया सामान्यतः मुलांपेक्षा लवकर होते. म्हणून साधारण आठ ते चौदा या वयात जे काम एका लहान स्क्रूने साधते, त्यासाठी प्रौढपणी टाळूच्या हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. दहावीपर्यंत थांबणे म्हणजे पुष्कळदा सोपी वाट सोडून बिकट वाट धरणे होय.

ही कल्पना आजची नव्हे. 1860 साली सॅन फ्रान्सिस्को येथील दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून सुमारे दोन आठवड्यांत तिचा जबडा रुंद केल्याचे प्रसिद्ध केले. जाणत्या मंडळींनी त्यावर विश्वास ठेवला नाही. क्ष-किरणांचा शोध 1895 सालचा. त्यामुळे शिवण उघडल्याचा पुरावा दाखविण्याचे साधनच त्यांच्यापाशी नव्हते. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, अमेरिकेतील अँड्र्यू हास यांनी हे उपचार सप्रमाण मांडले आणि ते सर्वत्र रुळले.

उपचाराची रीत साधी आहे. दाढांना धातूची कडी चिकटवून टाळूत मधोमध स्क्रू बसवितात. घरच्या माणसाने बारीक किल्लीने तो रोज पाव फेरा फिरवावयाचा. पाव फेऱ्यास जबडा साधारण पाव मिलिमीटर रुंदावतो. सहा मिलिमीटर रुंदी हवी असेल तर चोवीस वेळा किल्ली फिरवावी लागेल. रोज एकदा म्हटल्यास चोवीस दिवस, दोनदा म्हटल्यास बारा. किती फिरवावे हे मात्र डॉक्टरच ठरवितात. प्रत्येक फेऱ्याची तारीखवार नोंद ठेवावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने दुप्पट फिरवून भरपाई करू नये, डॉक्टरांना विचारावे. किल्लीला दोरा बांधलेला असावा, म्हणजे ती हातून सुटली तरी घशात जाणार नाही.

पहिले काही दिवस नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो, लाळ अधिक सुटते, उच्चार बोबडे होतात. मग एके सकाळी वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागते आणि घरात खरी घबराट उडते. दादीला वाटते, हाड मोडले. मुलीचे रूप गेले. वस्तुतः ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण असते. पुढे दात हळूहळू जवळ येतात आणि फट बहुधा आपोआप मिटते. हवी तेवढी रुंदी मिळाली की स्क्रू फिरविणे थांबवितात. परंतु साधन तीन ते सहा महिने जागेवरच राहते, कारण उघडलेल्या जागेत नवे हाड भरण्यास तेवढा अवधी लागतो. ते लवकर काढून टाकले तर मिळविलेली रुंदी पुन्हा घटते. दात ओळीत आणण्यासाठी पुढे तारा लावाव्या लागू शकतात, तो खर्च निराळा. म्हणून आरंभीच संपूर्ण उपचाराचा अंदाज लेखी मागावा.

आपल्या घरांतील आचारधर्माचाही आधी विचार व्हावा. चौविहार पाळणाऱ्या मुलांनी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून लगेच दात व टाळूचे साधन नीट स्वच्छ करावे, कारण नंतर चूळ भरता येत नाही. चिक्की, सुपारी असे चिकट व कठीण पदार्थ टाळावेत. खाखरा हवाच असेल तर भिजवून द्यावा. किल्ली फिरविण्याचे दिवस पर्युषणात न येता दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत येतील, असे आधीच ठरविता येते.

मूल तोंडाने श्वास घेत असेल तर नाक-घशाच्या तज्ज्ञांनाही दाखवावे. नाकामागच्या ग्रंथी वाढल्या असतील किंवा ॲलर्जी असेल तर त्यांवर वेगळा उपचार लागतो. जबडा रुंद केल्याने प्रत्येक मुलाचा श्वास सुधारेलच असे नाही. नरडाण्याहून धुळे महामार्गाने तासाभराच्या आत येते. तेथे दंत महाविद्यालय आहे, आणि अशा महाविद्यालयांत खर्च खासगी दवाखान्यापेक्षा सामान्यतः कमी असतो. खासगी दवाखान्यात जावयाचे असेल तर डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्स विषयातील एम.डी.एस. आहेत ना, हे विचारण्यात संकोच नसावा.

घरात आठ वर्षांवरील मूल असेल तर आज जेवताना त्याच्याकडे थोडे निरखून पाहावे. दाढा मिटल्यावर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत जातात काय? हनुवटी एका बाजूस सरकते काय? झोपेत ओठ उघडे राहतात काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असल्यास दहावीची वाट न पाहता याच सुटीत तपासणी करून घ्यावी. तपासणीस एक सकाळ पुरते. दुकान तेवढा वेळ दुसऱ्या कोणाच्या भरवशावर चालू शकते. मुलीचे वय मात्र कोणासाठी थांबत नाही.