एका आसनाच्या विमानात गुरूने बसावे कोठे?

अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाने ऑक्टोबर १९८२ मध्ये अल्ट्रालाइट विमानांसाठी अमलात आणलेला नियम सरकारी नियमांत विरळाच म्हणावा लागेल. एकच आसन, रिकामे वजन २५४ पौंडांहून (सुमारे ११५ किलो) कमी, इंधन पाच गॅलनपर्यंत आणि वेग अधिकाधिक ५५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटर. एवढ्या मर्यादांत बसणारे विमान उडविणाऱ्यास परवाना नको, वैद्यकीय दाखला नको आणि तासाभराच्या शिक्षणाचीही सक्ती नाही. दाट वस्तीवरून उडू नये, इतरांस धोका पोचवू नये अशी बंधने आहेत. पण ती उडण्याविषयीची आहेत, शिकण्याविषयीची नव्हेत. ही मोकळीक आजही कायम आहे.

ज्याचा जीव त्याची जबाबदारी, हे तत्त्व मान्य करता येईल. अडचण आसनाची आहे. विमानात एकच जागा असल्याने त्यातील पहिले उड्डाण एकट्याचेच होते. म्हणून दोन आसनांची अल्ट्रालाइट विमाने केवळ शिकविण्यासाठी सवलतीने चालू दिली जात. २००४ मध्ये हलक्या क्रीडा-विमानांचा नवा वर्ग निर्माण झाला आणि जानेवारी २००८ अखेर ती सवलत संपली. तेव्हापासून शिकविण्याच्या विमानाला नोंदणी हवी, शिक्षकाला प्रमाणपत्र हवे. शिकणाऱ्याला मात्र पुढे एकट्याने उडताना काहीच नको! दुसऱ्याचा जीव हाती घेणाऱ्याकडे दाखला मागावा यात गैर काही नाही. परंतु शिक्षण महाग आणि अशिक्षितपणा फुकट, अशी ही व्यवस्था आहे. तिचा मोह कोणत्या बाजूला ओढतो हे सांगावयास नको.

यावर नेहमीचा तोडगा म्हणजे एखाद्या उड्डाण-संस्थेत सेस्नावर हात बसवून घेणे. तो अर्धाच खरा आहे. सुमारे ५०० किलोच्या सेस्नाचे इंजिन बंद पडले तरी तिचे जडत्व वैमानिकाला विचार करण्यास थोडा अवधी देते. उघडा सांगाडा व तारांचे जाळे असलेल्या अल्ट्रालाइटला हवेचा रोध फार आणि वजन नाममात्र. वर चढत असताना इंजिन थांबले की एक-दोन क्षणांत वेग मरतो. त्याच क्षणी नाक खाली गेले पाहिजे. विचार करीत बसलेला हात उशिरा पोचतो. टू-स्ट्रोक इंजिनांवर तर अवचित बंद पडण्याचा लौकिकच आहे. म्हणून इंजिन बंद करून उतरण्याचा सराव हा अभ्यासक्रमातील एक धडा नसून अर्धा अभ्यासक्रम होय. प्रत्येक वळणावर शिक्षकाने ‘आता कोठे उतराल?’ असे विचारावे आणि शिष्याने बोटाने शेत दाखवावे, इतका तो अंगवळणी पडावयास हवा.

शरीराचा भार सरकवून चालवावयाच्या विमानांत तर जुनी सवय वैरीण ठरते. तेथे दांडा पुढे ढकलला की नाक वर जाते; नेहमीच्या विमानात खाली. जमिनीवर उजवा पाय दाबावा तर चाक डावीकडे वळते. शेकडो तास उडलेला वैमानिक येथे नवशिक्याहून अधिक घातकी ठरू शकतो, कारण तो घाबरत नाही.

ब्रिटनने २००७ मध्ये अतिहलक्या एकआसनी विमानांना तपासणीतून मोकळे केले आणि २०१४ मध्ये ती सूट वाढविली. उडविणाऱ्याचा परवाना मात्र ठेवला. त्यासाठी किमान २५ तास, त्यांपैकी १० एकट्याने. यंत्राला सूट, माणसाला नाही, हाच क्रम शहाणपणाचा. अर्थात तास मोजून वाऱ्याची समज येत नाही. ज्या विमानाचा आधार २४ नॉटच्या आतच सुटतो, त्याला १५ नॉटचा वारा म्हणजे वादळच. ‘आज नको’ म्हणून विमान पुन्हा शेडमध्ये ढकलावयास लावणारा शिक्षक शिष्यांना आवडत नाही; मिळाला तर तोच धरावा.

दोन आसनांवरून एकावर जाण्याचा दिवसही त्यानेच निवडावा. शिक्षकाचे वजन नाही, पंखे निराळे, चढण अचानक तीव्र. विमान अक्षरशः उसळते. पहाटेची निवांत हवा, लांब पट्टी, आधी केवळ जमिनीवरच्या फेऱ्या आणि मग एकच उड्डाण, एवढ्यावर त्या दिवशी थांबावे.