चिखल्याहून नेपाळगंजला

तुमसरहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या पट्ट्यात चिखला हे गाव आहे. तेथील मॅंगनीजची भूमिगत खाण हीच गावाची ओळख. १८९६मध्ये ब्रिटिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या कंपनीने मध्य प्रांतातील हे खनिज खणून परदेशी धाडण्यास प्रारंभ केला. १९६२मध्ये 'मॉइल'ची स्थापना झाली आणि १९७७मध्ये ती पूर्णतः भारतीय मालकीची झाली. खनिज सातासमुद्रापार गेले, माणसे मात्र सहसा नागपूर-भिलाईच्या पलीकडे गेली नाहीत. आता याच पट्ट्यातील कामगारांची मुले-मुली विधी आणि समाजकार्याच्या पदव्या घेऊ लागली आहेत. त्यांपैकी एखादीने परदेशातील मानवाधिकार कचेरीत स्वयंसेवक म्हणून जाण्याचा मनोदय घरी बोलून दाखविला, तर दोन प्रश्न हमखास विचारले जातील. पगार किती मिळणार? आणि इथे काय कामे कमी आहेत का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पगार नाही, निर्वाहभत्ता मिळतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७०मध्ये स्वयंसेवकांची स्वतंत्र योजना मंजूर केली. तिचे मुख्यालय १९९६पासून जर्मनीतील बॉन शहरी आहे. शिक्षक, परिचारिका, अभियंते यांच्याबरोबरच मानवाधिकारांच्या क्षेत्रीय कचेऱ्यांतही हे स्वयंसेवक काम करतात. हे काम निर्धोक नाही. १९९३च्या एप्रिलमध्ये कंबोडियात निवडणुकीच्या पूर्वतयारीत गुंतलेल्या आत्सुहितो नाकाता या पंचवीस वर्षांच्या जपानी स्वयंसेवकाची आणि त्याच्या दुभाष्याची हत्या झाली. १९९७च्या फेब्रुवारीत रवांडातील मानवाधिकार पथकाच्या पाच जणांना हल्लेखोरांनी ठार केले. मुलांना पाठविणाऱ्या आईवडिलांना हेही ठाऊक असले पाहिजे.

अशा कचेरीत नेमके काय चालते, हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. २००५मध्ये नेपाळ सरकारशी झालेल्या करारानुसार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांची कचेरी काठमांडूत उघडली. माओवादी बंडाने तो देश तेव्हा पोखरला होता. इयान मार्टिन हे या कचेरीचे पहिले प्रमुख. काठमांडूखेरीज आपल्या सीमेला लागून असलेल्या नेपाळगंजमध्येही तिचे केंद्र होते. तेथील माणसांचे काम भाषणे देण्याचे नव्हते. गावात जायचे, ज्याचा मुलगा वा नवरा रात्री उचलून नेला गेला त्याच्यासमोर बसायचे, तारीख विचारायची, गणवेश कोणता होता ते विचारायचे, दुसऱ्या साक्षीदाराकडून ते पडताळायचे, मग छावणीच्या वा पोलीस ठाण्याच्या दारात जाऊन तीच माहिती मागायची. नकार मिळाला तर नकाराचीही नोंद करायची. काम कंटाळवाणे, पण त्याचा दाब मोठा असतो. २००६च्या मे महिन्यात या कचेरीने काठमांडूच्या महाराजगंज येथील लष्करी बराकीतून किमान ४९ जण बेपत्ता झाल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. २००८च्या डिसेंबरमध्ये बर्दिया जिल्ह्याचा अहवाल आला. त्यात १७०च्या आसपास बेपत्ता व्यक्तींची प्रकरणे होती. १५६ प्रकरणांत शासकीय यंत्रणेवर, तर १४ प्रकरणांत माओवाद्यांवर ठपका होता. बळींमध्ये बहुसंख्य थारू जमातीचे लोक होते. चिखल्याच्या परिसरातील गोंड कुटुंबांना या थारूंची कहाणी अनोळखी वाटणार नाही. जंगलाकाठी राहणाऱ्या माणसाला दोन्ही बाजूंचे बंदूकधारी सारखेच जवळचे असतात.

आपल्याकडे 'मानवाधिकार' हा शब्द उच्चारताच अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि त्यास कारणे आहेत. १९९०मध्ये काश्मिरी पंडितांना पिढ्यान् पिढ्यांची घरे सोडून जम्मूच्या छावण्यांत राहावे लागले, तेव्हा जगातील बोलक्या संघटनांपैकी कितींना कंठ फुटला? पकडलेल्या दहशतवाद्याच्या हक्कांसाठी पत्रके निघतात, त्याच्या गोळीने मेलेल्या जवानाच्या विधवेकडे कोणी फिरकत नाही, ही तक्रार खोटी नाही. मात्र या रागापोटी मैदानच सोडून देणे शहाणपणाचे ठरत नाही. बर्दियाच्या अहवालात ते १४ आकडेही आले, कारण कोणीतरी जाऊन माओवाद्यांच्या बळींच्या घरीही त्याच काटेकोरपणे विचारपूस केली. कागदावर काय उमटणार, हे बव्हंशी तेथे कोण बसले आहे यावर अवलंबून असते. भारतीय तरुण-तरुणी तेथे गेल्याच नाहीत, तर एकांगीपणाची तक्रार आपण कोणत्या तोंडाने करणार?

मराठी मुलुखाला ही वाट नवी नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून पाच भारतीय डॉक्टर युद्धग्रस्त चीनकडे निघाले. त्यांत नागपूरचे ज्येष्ठ डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. चौघे परतले. कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची वार्ता चीनमध्येच समजली, तरी ते तेथेच राहिले. १९४१मध्ये बेथ्यून रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. त्यांचे राजकीय मत ज्यांना पटत नाही, तेही त्यांच्या सेवावृत्तीपुढे नतमस्तक होतात. वीस वर्षांनी त्याच चीनने आपल्यावर आक्रमण केले. त्यामुळे कोटणिसांची सेवा व्यर्थ ठरली, असे सोलापुरात कोणी म्हणत नाही.

राहिला दुसरा प्रश्न. इथे काय कामे कमी आहेत का?

नाहीत. चिखल्याच्याच जिल्ह्यात, शेजारच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलांची जमावाने निर्घृण हत्या केली. समरसतेच्या गोष्टी करणाऱ्या प्रत्येक हिंदूची मान शरमेने खाली जावी, असे ते कृत्य होते. त्याहून बोचणारी बाब ही की, त्याची पुरेशी वार्ता जिल्ह्याबाहेर पोहोचायला आठवडे लागले. सुरुवातीच्या तपासातील हयगयीबद्दल पोलीस आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई करावी लागली. प्रकरण सीबीआयकडे गेले, २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, आणि २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती फाशी पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. त्या पहिल्या आठवड्यात, कोणाच्याही दबावाखाली न येता, दारोदार फिरून तारीख-वेळेसह जबाब लिहून घेणारी दोन माणसे गावाजवळ असती तर? नेपाळगंजच्या कचेरीतले काम याहून वेगळे काय होते?

तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही, पण परदेशी जाण्यास नकार देण्यासाठी तो पुरेसाही नाही. जाणाऱ्याने दोन-तीन वर्षांची मुदत ठरवून जावे, त्या देशाची बोली शिकावी आणि परतीचे तिकीट तुमसरपर्यंतचे समजावे. खाणीतल्या घरात वाढलेल्या मुलांना नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. हजेरीपटावर नाव नसेल तर त्या दिवसाची मजुरी नाही, आणि आजाराची नोंद झाली नसेल तर भरपाई नाही, हे त्यांनी बापाच्या आयुष्यात पाहिलेले असते. मॅंगनीजच्या विषबाधेचा समावेश खाण कायद्याखालील अधिसूचित आजारांत झाला, तेव्हाच डॉक्टरने ती कळविणे बंधनकारक झाले.

काठमांडूची कचेरी २०११च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी नेपाळने स्वतःचा आयोग नेमला तो २०१५मध्ये. बर्दियाच्या कुटुंबांकडे मधल्या तीन वर्षांत दाखवायला होती ती नेपाळगंजहून आलेल्या परक्या माणसांनी लिहून ठेवलेली नावे आणि तारखा.