आधी तिथी, मग एसटी

हिवाळा लागला की जामखेड तालुक्यातल्या शाळांत सहलीची बोलणी सुरू होतात. अलिबाग ठरतं, सोयीचा वार ठरतो, एसटीचं आरक्षण होतं. ओहोटी किती वाजता, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ऐन भरतीला पोहोचलेल्या मुलांना लाटा दिसतात. खडपांवरची कालवं, खेकडे, तारामासे पाण्याखालीच राहतात. तीनशेहून अधिक किलोमीटर जाऊन एवढंच पाहायचं, हे आम्हाला मनापासून खटकतं.

कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा तास, सकाळी सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी खूप मागे सरतं. अष्टमीला भांग असतो, पाणी फारसं हटत नाही. म्हणून शाळांनी द्वितीया-तृतीया धरावी, मग ती बुधवारी येवो की गुरुवारी. हिशेब अंदाजाचा आहे. भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक पाहावं आणि आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावं.

आदल्या संध्याकाळी म्हणजे मुक्काम आलाच. सकाळची ओहोटी गाठायला रात्रभर गाडी पळवू नये. झोप न झालेली मुलं आणि निसरडे खडक एकत्र नकोत.

ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर उतरावं, मागे सरणाऱ्या पाण्याबरोबर पुढे जावं आणि पाणी वळायच्या वेळी आपणही वळावं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण परतीची वेळ निघण्याआधीच ठरलेली हवी. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती तर मोठी मुलं होती. आपल्या मुलांनी विहिरी पाहिल्यात, बंधारे पाहिलेत. पायाखालची वाळू ओढून नेणारं पाणी बहुतेकांनी पाहिलेलं नाही. त्यामुळे पोहणं नाही, आणि दहा मुलांमागे एक शिक्षक.

पायात बंद बूट हवेत, कालवांच्या कडा तळवा चिरतात. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा, कारण त्याखालचे जीव उन्हात मरतात. जिवंत शंख उचलायचा नाही. शंखांच्या काही जाती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, हे निघण्यापूर्वी वर्गातच सांगावं. किनाऱ्यावर वाऱ्यात तुमचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोहोचत नाही.